चार सिलेंडरच्या डिझेलमध्ये टर्बो लॅग कमी करायला ट्विन टर्बो सेटअप कसा डिझाईन करायचा?

तुम्ही लिहिलंय की 2.5 लिटरचं जुनं मेकॅनिकल पंपाचं डिझेल आहे, घाटात खालच्या आरपीएमला गाडी मरते, म्हणून आहे तसाच अजून एक टर्बो (एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं चाक) शेजारी बसवायचाय. नका बसवू. लॅग, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यापासून टर्बोची हवा यायला लागणारा वेळ, वाढेल.

हे मी कुठं वाचून सांगत नाहीये, आमच्याकडं नेमकं हेच झालंय. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड, मी आणि माझा थोरला भाऊ. दादाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, मी दहावीनंतर वेल्डिंगला लागलो. घरची पिकअप होती, तुमच्यासारखंच इंजिन. दिंडोरीकडून द्राक्षाचे क्रेट भरून निघालं की चढाला दुसऱ्या गिअरमध्ये 1500 ला नुसता काळा धूर, गाडी ओढायची नाही. दादानं ठरवलं की दोन टर्बो लावायचे, मूळ होता त्याच मापाचा दुसरा जुन्या बाजारातून आणला, एक टर्बो दोन सिलेंडरला आणि दुसरा उरलेल्या दोनला. मी तेव्हाच म्हणालो की दादा, धूर तेवढाच आहे आणि तो दोघांत वाटला तर एकालाही पुरणार नाही. त्यावर शेडमधल्या पोरांसमोर म्हणाला, "तू वेल्डर आहेस, डिझाईन मला शिकवू नको."

मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरचा धूर टर्बोपर्यंत नेणारे पाईप, मीच बांधला. एसएस 304 चा, टिगनं, आजही त्याच्या वेल्डिंगला कोणी नाव ठेवणार नाही. पण पाईप सरळ यावेत म्हणून दादानं 1-2 एका टर्बोला आणि 3-4 दुसऱ्याला दिले. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2, म्हणजे एका टर्बोला गॅसचे दोन धक्के क्रँकच्या 180 अंशांत आणि मग 540 अंश काहीच नाही. 1-4 आणि 2-3 अशी जोडी केली तर निदान दर 360 अंशाला एक धक्का मिळतो. हेही मी सांगितलं होतं.

आता हिशोब बघा. 2.5 लिटरचं इंजिन 1500 आरपीएमला मिनिटाला 1875 लिटर ओढतं, 85 टक्के भरतं धरलं तर साधारण 1600. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, हवा मुंबईपेक्षा विरळ, तर बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) नसताना मिनिटाला जेमतेम पावणेदोन किलो हवा. एका टर्बोला हीच कमी पडत होती म्हणून तर लॅग होता, ती अर्धी केली. आधी तिसऱ्या गिअरला 1500 वर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की 0.8 बार यायला 3 सेकंद लागायचे, दोन टर्बो लावल्यावर 5 च्या वर गेले, मोबाईलवर गेजचा व्हिडिओ काढून मोजलेत.

दादाचं म्हणणं पूर्ण खोटं होतं असंही नाही. टर्बोच्या चाकाचं इनर्शिया, म्हणजे वेग घ्यायला होणारा विरोध, व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणं बदलतं, म्हणून एका मोठ्याच्या जागी अर्ध्या क्षमतेचे दोन लावले तर दोघांचं मिळून इनर्शिया साधारण एक तृतीयांशावर येतं. निसानच्या आरबी26 मध्ये दोन सारखे छोटे टर्बो समांतर आहेतच, पण ते सहा सिलेंडरचं पेट्रोल आहे, प्रत्येकाला तीन सिलेंडर आणि दर 240 अंशाला धक्का. आमचे टर्बो अर्ध्या मापाचे नव्हते, पूर्ण मापाचे होते, आणि बरेच लोक हीच चूक करतात.

महिनाभरानं दादा लग्नाला गावी गेला तेव्हा मी सगळं उतरवलं आणि माझ्या पद्धतीनं लावलं. मॅनिफोल्डला चिकटून एक छोटा टर्बो, त्यातून निघालेला गॅस जुन्या मोठ्या टर्बोत, आणि हवेचा रस्ता उलटा, फिल्टर, मोठा, मग छोटा, मग दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर. खाली छोटा लगेच फिरतो, वर आरपीएम गेलं की त्याला बगल देणारा फ्लॅप उघडतो आणि मोठा काम करतो. बीएमडब्ल्यूनं 2004 ला 535डी मध्ये हेच तत्त्व वापरलं, 560 न्यूटन मीटर 2000 आरपीएमलाच. पोर्शे 959 आणि नव्वदच्या दशकातल्या टोयोटा सुप्रामध्येही एक टर्बो आधी आणि दुसरा नंतर असंच होतं, पण तिथं दोन्ही एकामागोमाग जोडलेले नव्हते, शेजारी होते.

पहिल्याच दिवशी सगळं जमलं नाही. त्या फ्लॅपचा रस्ता, म्हणजे बायपास, मी बारीक ठेवला होता, 3000 च्या वर गॅस अडकायचा आणि एक्झॉस्टचं तापमान चढायचं, तो फाडून मोठा केला. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवेच्या बाजूलाही बायपास लागतो, एकाच दिशेनं उघडणारा, नाहीतर वरच्या आरपीएमला छोटा टर्बो मोठ्याच्या हवेचा रस्ता अडवतो. आणि मोठा टर्बो खाली बसवला तर त्याचं ऑइल परत सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरायला उतार उरला नाही, आयडलला निळा धूर. ऑइल रिटर्न जाड पाईपचा, सरळ खाली, सम्पमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर उतरला पाहिजे, यात तडजोड करूच नका.

नंतर नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर गाडी नेली, क्रेटच्या जागी वाळूच्या गोण्या भरून. वळणावरून दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर दीड सेकंदात 0.8 बार. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ तशीच उभी ठेवली, काय वाटलं ते सांगता येणार नाही.

आता तुमच्यासाठी. आधी हे तपासा की तुमचा त्रास लॅग आहे का. पुरेसा गॅस असून बूस्टला वेळ लागतो तो लॅग, आणि अमुक आरपीएमखाली बूस्ट येतच नाही ती वेगळी गोष्ट, तिला टर्बो लहान लागतो. इंटरकूलरचा होज फाटलेला असेल, फिल्टर चोंदला असेल तरी लक्षणं हीच. बऱ्याचदा योग्य मापाचा एकच छोटा टर्बो लावून काम होतं, आणि खरं सांगायचं तर रोजच्या गाडीला मी तेच सुचवेन. एक्झॉस्ट तापमानाचं गेज लावल्याशिवाय काहीच करू नका, 700 अंशांच्या वर राहिलं की पाय काढायचा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवरच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, इन्शुरन्सवालेही क्लेम अडवू शकतात, तेव्हा हे रस्त्यावरच्या गाडीला करायच्या आधी आरटीओत विचारा. आमची नंतर मूळ सेटअपवर आणली.

दादा अजून म्हणतो की फरक पंपाचं डिझेल वाढवल्यानं पडला. पंपाचा डिझेल कमीजास्त करायचा स्क्रू दोन्ही वेळा एकाच जागी होता, मी त्यावर पिवळ्या पेंटची खूण मारून ठेवली होती. तो पंप आणि दोन्ही मॅनिफोल्ड शेडच्या मागच्या रॅकवर आहेत, खूण तशीच आहे, येऊन बघा.