संध्याकाळचे सात

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. दोन नेमणूकपत्रं हातात आणि चेहरा असा की दोन्हीकडून नकार आला. औष्णिक केंद्रात कनिष्ठ अभियंता, नाहीतर वर्धा रोडवरच्या त्या सोलर कंपनीत साइट इंजिनिअर. बाबा म्हणतात, परमनंट आहे, डोळे मिटून सही कर. मैत्रीण म्हणते, आता राख उडवायला जाऊन राहिली का तू. आणि मला विचारतेस, काका, बरोबर कोण?

मी बाजू सांगणार नाही. विजेबद्दल कोणीही काहीही ठामपणे बोललं, मंत्री असो, कंपनीवाला असो, मोर्चातला असो, की एकच विचारायचं: संध्याकाळी सात वाजता काय? औष्णिक केंद्रात शिफ्टमध्ये नोकरी काढलेल्या माणसाचा हा हट्ट आहे, आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

जुलै २०२५ मध्ये बातमी आली की देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा-गॅसविरहित झाली. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच. तू मला ती बातमी पाठवलीही होतीस, आनंदाची दोन चित्रं लावून. मलाही आनंद झाला. पण क्षमता मेगावॅटमध्ये मोजतात आणि बिल युनिटवर येतं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाची आहेत, कारण पॅनल रात्री झोपतं. तू इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलास, हे तुला मी सांगायची वेळ यायला नको होती.

नागपूरचा मे महिना घे. पॅनलवर लिहिलेली क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. पुढच्या प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. आपल्या उन्हात पॅनल साठीच्या पुढे तापतं. ते सोड, तेवढी घट परवडते. खरी गोष्ट पुढे आहे. सूर्य बुडतो, पण भिंती तापलेल्याच असतात. गावातला प्रत्येक कूलर सुरू, वर एसी, आणि हे पहाटेपर्यंत. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा कळव्याहून लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याच्या विजेचा मेळ घालणाऱ्या केंद्राचा, फोन येतो, लोड कमी करा. आणि चार-पाचला तोच माणूस म्हणतो, चढवा, लवकर चढवा. हे चढ-उतार ज्याने कंट्रोल बोर्डवर बसून केले नाहीत, त्याला वाटतं की वीज तयार करणारा संच म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. लोड फार खाली नेला की भट्टीतली ज्वाला डगमगते, मग ती टिकवायला तेलाच्या गन लावाव्या लागतात. जाड धातूचे भाग, ड्रम, टर्बाइनचा रोटर, रोज तापून-निवून थकतात. बॉयलरच्या नळ्या फुटतात. पावसाळ्यात ओला कोळसा आला की तो दळणारी मिल चोक होते, आणि नेमकी तेव्हाच मागणी आलेली असते.

आता ऐक, कारण इथे तू मला कोळशाचा वकील समजशील. हाच प्रश्न आमच्या लोकांनाही विचार. कोळसा अमर आहे असं कँटीनमध्ये छाती ठोकून सांगणारे खूप आहेत. त्यांचा सगळा मुद्दा सात वाजताच्या त्या चार-पाच तासांवर उभा आहे, आणि ते तास दुसऱ्या कोणी भरले तर मुद्दा संपला. ते भरता येतात. घाटघरला २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र २००८ पासून आहे: स्वस्त वीज असेल तेव्हा पाणी वर चढवा, गरज लागली की खाली सोडा. बॅटऱ्या वर्षागणिक स्वस्त होत आहेत, आणि साठवणुकीसकट सौर विजेच्या निविदा निघू लागल्या आहेत. शेतीच्या पंपाला तर साठवणूकही लागत नाही. सौर कृषिवाहिनीवर दिवसा वीज मिळाली की शेतकरी रात्री साप-विंचवात बांधावर जायचा वाचतो. तिथे सूर्यच बरोबर आहे, कोळशाने तिथून मुकाट्याने उठावं.

आणि राख. तिला सातची वेळ लागत नाही, ती चोवीस तास पडते. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. कोराडी-खापरखेड्याच्या केंद्रांकडच्या बाया वाळत घातलेले कपडे झटकून घरात नेतात, हे तुला मी काय सांगू, तुझ्या आईला विचार. २०२२ च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबांध फुटला आणि शेतात राखेचा चिखल गेला. तुझी मैत्रीण यावर ओरडते ते खरं आहे. तिच्याशी भांडू नको. फक्त तिलाही सात वाजता काय ते विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू देऊ नको.

जगाचं उदाहरण तू दिलंस, इंग्लंडने कोळसा सोडला म्हणून. सोडला. १८८२ मध्ये लंडनच्या होल्बर्न व्हायाडक्टला कोळशावर वीज सुरू झाली आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे त्यांचं शेवटचं केंद्र बंद झालं. पण त्यांच्याकडे संध्याकाळी गॅस होता, समुद्रातला वारा होता, शेजारी देशांतून येणाऱ्या केबल होत्या. आपल्याकडे तेवढा गॅस नाही, आणि विदर्भाला समुद्र कुठला? त्यांची तारीख आपल्या भिंतीवर लटकवून काय होणार?

मला त्यापेक्षा दुसऱ्या दोन गावांचं जास्त वाटतं. जर्मनीने २००७ मध्ये ठरवलं की दगडी कोळशाचं अनुदान २०१८ पर्यंत संपवायचं. मधली अकरा वर्षं माणसांसाठी वापरली: कोणाला लवकर निवृत्ती, कोणाला दुसरं काम, सक्तीची कपात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रॉपची शेवटची खाण बंद झाली. उलट दक्षिण आफ्रिकेत कोमाटी. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथलं कोळशाचं केंद्र बंद झालं, जागतिक बँकेने कर्ज दिलं, तिथे सौर, वारा, बॅटरी येणार म्हणून सांगितलं. बंद व्हायला एक दिवस पुरला, यायचं ते रेंगाळलं. गावातली दुकानं, भाड्याच्या खोल्या, कंत्राटी माणसं यांच्या सात वाजताचं कोणी पाहिलंच नव्हतं.

इथे तुझे बाबा येतात. सीएचपीत, म्हणजे कोळसा हाताळणी विभागात, कन्व्हेयरखाली सांडलेला कोळसा फावड्याने उचलण्यात त्यांची उमर गेली, आणि कायम कामगारांच्या कोणत्याही यादीत त्यांचं नाव नाही. ठेकेदार बदलतो, गेटपास बदलतो, माणूस तोच. उद्या संच मोडीत निघाला तर माझ्यासारख्याला सगळं हिशेबाने मिळेल. त्यांना मिळेल की नाही हे ठरवायला आधी ते तिथे होते हे सिद्ध करावं लागेल. याची मला खंत आहे. अधिकारी होतो, त्यांचा घाम रोज दिसायचा, आणि आम्ही फक्त मेगावॅट लिहून काढले.

तू हेही विचारलंस की साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा तिकडे जायची संधी असून मी का गेलो नाही. बाबांनी सांगितलेलं दिसतं. नाही गेलो. भारनियमनाचे दिवस तू पाहिले नाहीत. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची, एक संच ट्रिप झाला की तास आणखी वाढायचे. परीक्षेच्या दिवसांत पोरं कंदील लावून बसायची. त्या वेळी बोर्ड सोडून जायला मला लाज वाटली असती. लोक म्हणतात, आमच्यातला शर्मा तिकडे गेला, तो पुढे गेला. जाऊ दे. संध्याकाळी सातला दिवे आम्ही लावत होतो. हे मी जरा जोरात बोलतोय ते मला कळतं. बायकोही हेच म्हणते.

तर थर्मलची नोकरी घे. परमनंट आहे म्हणून नाही; बाबांना तसं सांगितलंस तरी चालेल. ऑपरेशन माग. मुलींना शिफ्ट झेपत नाही म्हणून कोणी ऑफिसात टेबल देईल, ते घेऊ नको. २०२३ च्या नियमाने कोळशाच्या संचाला क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरता आलं पाहिजे, आणि टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत. जितका संच खाली उतरेल तितकी दुपारी सूर्याला जागा होईल. ते काम सोलरच्या साइटवर होत नाही, ते कंट्रोल रूममध्ये होतं, आणि ते करायला हात हवेत. चार-पाच वर्षांत ते नीट शीक. मग बॅटरी साठवणुकीचे प्रकल्प आपल्याकडे उभे राहत असतील, तिकडे जा. तेव्हा मी अडवणार नाही, थांब म्हणणार नाही. सोलर कंपनीला आजच नम्रपणे नाही कळव, त्यांना दुसरा माणूस शोधायचा असतो.

रुजू व्हायची तारीख सांग. आणि बाबांना म्हणावं, पीएफचे सगळे जुने कागद, गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, काही असेल ते एका पिशवीत काढून ठेवा. प्रत्येक ठेकेदाराने वेगळा नंबर काढलाय, ते जुळवायला रविवारी येतो.

तुझा,
काका