नोव्हेना सातव्या दिवशी तुटली, म्हणून देव रुसला?

वसईच्या एका बहिणीचं पत्र, थोडक्यात: पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. त्यांना एकटं सोडून रविवारी मिस्साला जाता येत नाही. नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, सातव्या दिवशी तुटली. जपमाळ हातात घेतली की डोळा लागतो. प्रार्थनेला येणारी एक बाई म्हणते, घरात काही पाप असणार. विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, असंही तीच सांगते. घर विकून टाकावं असं रोज रात्री वाटतं. देवाचा राग येतो. ‘हिंमत कुठून आणू?’

ताई,

आधी गोळ्यांचं. एकही बंद करू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवल्या, तर दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय काढून त्या बाईंपुढे ठेवा. देवाची प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, हे दोन्ही तिथे पाठोपाठ आलंय. पापाच्या बोलण्याला योहानाच्या शुभवर्तमानाचा ९वा अध्याय पुरे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं. याचंही पाप नाही आणि याच्या आईबापाचंही नाही, असं येशूने त्यांना सांगितलं.

रविवारच्या मिस्साचं बंधन गंभीर कारण असेल तर सुटतं. आजाऱ्याला सोडता न येणं हे तसंच कारण आहे, तेव्हा त्याचं ओझं मनावर घेऊ नका. नोव्हेना तुटली तर आठव्या दिवसापासून पुढे म्हणा. नऊचा आकडा भरला तरच देव ऐकतो, असं मानणं ही अंधश्रद्धा झाली. ख्रिस्तसभेची शिकवण ते स्पष्ट सांगते.

जपमाळेची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, एका बैठकीत संपवावीत असाही नियम नाही. एका दशकाला तीन-चार मिनिटं लागतात. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलता ना? तेव्हा एक दशक म्हणा, संध्याकाळपर्यंत पाच होतात. मंगळवारी आणि शुक्रवारी जपमाळेत दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग, मनात आणायचे असतात. त्यातल्या पहिल्या रहस्यापाशी जरा थांबा: गेथशेमाने बागेत येशू स्वतःच म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तो घाबरलेला आहे आणि ते लपवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचं मुख्य काम चाल करून जाणं नव्हे, तर टिकून राहणं असं सांगितलंय. त्या मापाने तुमचे पाच महिने मोजून पाहा. झोपेचं म्हणाल, तर लिझ्यूच्या संत तेरेजालाही प्रार्थनेत झोप लागत असे.

राग देवालाच सांगा. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे आणि त्यातल्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची ओळ नाही. तरीही ते बायबलमध्ये आहे. रात्री मोठ्याने वाचा.

पण घर रात्री विकू नका. संत इग्नेशियस यांचा नियम असा की मन उजाड असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. त्यांचा आणखी एक नियमही इथे लागतो: जे लपवलं जातं, तेच मनाला आतून पोखरतं. हे पत्र लिहिलंत तसं एकदा फादरांशी बोला. सकाळी उठूच नये असं दोन आठवडे रोज वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा. जीव नकोसा वाटला, तर त्याच क्षणी करा.

मदत मागताना नेमकी मागा. ‘लक्ष असू द्या’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. ‘मंगळवारी १० ते १२ कुणी यांच्यापाशी बसेल का?’ असं विचारा. तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरजूंना मदत करणारी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल, तर धर्मग्रामाच्या ऑफिसात नाव द्या. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेलं हे काम घरी भेट देऊनच चालतं, तिथे जाऊन हात पसरावा लागत नाही.

आणि फादरांना घरी बोलवा. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार फक्त मरणाच्या दारात द्यायचा नसतो. गंभीर आजारात तो घेता येतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. त्याच वेळी दोघांनाही कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, मागा; तासाभराच्या उपवासाची अट आजाऱ्यालाही नाही आणि त्याची सेवा करणाऱ्यालाही नाही. त्यांना गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा, अगदी लहान तुकडा देता येतो. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पेलाभर पाणी ठेवा. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्त्या पेटवू नका.