आरव्हीच्या प्रवासात उपग्रह इंटरनेट : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी, म्हणजे फिरते घर) प्रवासावर गेल्या अंकात लेख आल्यानंतर मिळालेली बरीचशी पत्रे इंटरनेटच्या खर्चाविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सर्व दर अमेरिकेतील ग्राहकांसाठीचे आणि कर वगळून आहेत. कंपन्या हे दर वरचेवर बदलतात, त्यामुळे नोंदणी करण्याच्या दिवशी ते पुन्हा पाहून घ्यावेत.

प्रश्न : माझे पती आणि मी उन्हाळ्यात तीन महिने आरव्हीतून फिरणार आहोत. त्यांचे कार्यालयीन काम प्रवासातही चालू राहील; आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला सुमारे दोन तास त्यांच्या व्हिडिओ बैठका असतात. रात्री आम्ही तासभर एखादी मालिका पाहतो. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचा 50 डॉलरचा प्लॅन आम्हाला पुरेल, की 165 डॉलरचाच घ्यावा लागेल? (एक वाचक, टेक्सस)

उत्तर : स्टारलिंकने मे 2022 मध्ये आरव्हीधारकांसाठी वेगळी सेवा सुरू केली, तेव्हा महिन्याला 135 डॉलर हा एकच दर होता आणि डिशचे 599 डॉलर वेगळे मोजावे लागत. पुढे या सेवेला ‘रोम’ हे नाव मिळाले, दर 150 डॉलरवर गेला, आणि 2024 मध्ये तिचे दोन प्लॅन झाले : 50 डॉलरमध्ये 50 जीबी, किंवा 165 डॉलरमध्ये अमर्याद डेटा. त्यानंतर 50 डॉलरच्या प्लॅनची मर्यादा 100 जीबीपर्यंत वाढवण्यात आली. तेव्हा आपला महिना 100 जीबीत बसतो का, एवढेच पाहायचे आहे.

आपल्याच आकड्यांवरून हिशेब करू. अनेक जणांच्या व्हिडिओ बैठकीला तासाला साधारण एक ते दीड जीबी लागतो. महिन्याचे बारा दिवस आणि दिवसाला दोन तास धरले, तर पतींच्या कामाला 25 ते 35 जीबी लागतील. मालिका एचडी दर्जात पाहिली तर तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे महिन्याला 90 जीबी. एकूण बेरीज 115 ते 125 जीबी होते आणि मर्यादा ओलांडली जाते. तीच मालिका साध्या दर्जात पाहिली तर तासाला एक जीबीच्या आसपास भागते आणि सगळा महिना 55-65 जीबीत आटोपतो. आरव्हीतल्या लहान पडद्यावर या दोन दर्जांतला फरक फारसा जाणवत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी महिन्याला 115 डॉलर अधिक मोजणे मला पटत नाही.

डेटा खरा संपतो तो आपल्या नकळत. स्टारलिंकशी जोडलेला फोन ते घरचेच वायफाय आहे असे समजतो आणि दिवसभरातले फोटो व व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो. लॅपटॉपही त्याच समजुतीने मोठमोठे अपडेट उतरवून घेतो. त्यामुळे निघण्यापूर्वी आरव्हीतल्या प्रत्येक फोनवर आणि लॅपटॉपवर या वायफायसाठी ‘कमी डेटा’ किंवा ‘मीटर्ड’ ही सेटिंग चालू करावी, फोटोंचा बॅकअप बंद ठेवावा, आणि अपडेट एखाद्या ग्रंथालयाच्या वायफायवर उरकून घ्यावेत. मुले बरोबर असतील आणि त्यांच्या हाती स्वतंत्र टॅबलेट असतील, तर मात्र हा सगळा हिशेब कोलमडतो. तेव्हा अमर्याद प्लॅन घेणेच बरे.

अमर्याद प्लॅनमध्ये अमर्याद असतो तो डेटा; वेगाची हमी त्यात नसते. एकाच भागात मागणी वाढली की रोमच्या ग्राहकांना घरगुती ग्राहकांच्या मागे ठेवले जाते, हे कंपनीने ही सेवा सुरू करतानाच सांगितले होते. हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हजारो आरव्ही मुक्कामाला येतात. अशा ठिकाणी संध्याकाळी वेग मंदावला, तर 165 डॉलर भरणाऱ्यालाही तो सोसावाच लागतो. बैठक महत्त्वाची असेल तर ती सकाळी ठेवावी.

प्रश्न : आम्ही वर्षातून तीनच महिने प्रवास करतो. उरलेल्या नऊ महिन्यांचे पैसे भरावे लागतात का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : पूर्ण दर भरावा लागत नाही. पूर्वी ही सेवा महिन्यापुरती थांबवली तर काहीच द्यावे लागत नसे. ऑगस्ट 2025 पासून त्या सोयीच्या जागी महिन्याला 5 डॉलरचा ‘स्टँडबाय’ प्रकार आला आहे. त्यात अतिशय मंद वेगाचे इंटरनेट चालू राहते, ज्यावर संदेश पाठवता येतात पण चित्रफीत नीट पाहता येत नाही. तीन महिने अमर्याद प्लॅन आणि नऊ महिने स्टँडबाय घेतल्यास वर्षाला 495 अधिक 45, म्हणजे 540 डॉलर होतात. बाराही महिने तोच प्लॅन चालू ठेवला तर 1,980 डॉलर. हा फरक एवढा मोठा आहे की प्लॅन निवडण्यापेक्षा तो वेळेवर बदलण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी म्हणेन. प्रवास संपण्याची तारीख आणि बिलाची तारीख या दोन्ही दिनदर्शिकेत नोंदवून ठेवाव्यात, कारण बिलाचा नवा महिना सुरू झाल्यावर केलेला बदल त्या महिन्याच्या कामी येईलच असे नाही.

प्रश्न : घरी स्टारलिंकचे कनेक्शन आहेच. तीच डिश उचलून आरव्हीत नेली तर चालणार नाही का? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : घरगुती प्लॅन पत्त्याशी बांधलेला असतो, त्यामुळे डिश तशीच नेऊन चालणार नाही. खात्यावर जाऊन तीच डिश रोम प्लॅनवर वळवता येते. मात्र आपल्या भागातील जोडण्यांची क्षमता भरलेली असेल, तर परतल्यावर घरगुती प्लॅन लगेच मिळेल याची खात्री नसते. घरी दुसरे इंटरनेट नसेल तर ही जोखीम घेऊ नये.

प्रश्न : आईबाबा भारतातून आले असताना आम्ही त्यांना उत्तर कॅलिफोर्नियातील रेडवूडच्या जंगलात नेले. पूर्ण दराचा प्लॅन असूनही बहिणीशी व्हिडिओवर बोलताना दर मिनिटाला चित्र अडकत होते. बाबा म्हणाले, पैसे पाण्यात गेले. प्लॅन चुकला का? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : प्लॅन चुकला नव्हता, डिशला पुरेसे आकाश दिसत नव्हते. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून वेगाने सरकत असतात आणि डिश सतत एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे जात असते. तिला साधारण 110 अंशांचे आकाश मोकळे लागते. डिश आडवी ठेवली आहे असे धरले, तर क्षितिजापासून 35 अंशांपेक्षा वर डोकावणारी प्रत्येक गोष्ट तिच्या आड येते. म्हणजे 60 फुटांचे झाड सुमारे 85 फुटांच्या आत असेल तर ते अडथळा ठरते. रेडवूडची झाडे तर 300 फुटांच्याही वर जातात. एखादा उपग्रह खोडामागे गेला की काही सेकंद संपर्क तुटतो. मालिका पाहताना हे कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. समोरासमोर बोलताना मात्र ते लगेच जाणवते.

यावर उपाय दोन आहेत. मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी, गाडीचे इंजिन चालू असतानाच, स्टारलिंकच्या ॲपमधील अडथळे तपासण्याची सोय उघडून फोनचा कॅमेरा आकाशाभोवती फिरवावा. त्या जागेवरून किती आकाश झाकले जाते ते ॲप दाखवते. दुसरे म्हणजे आरव्ही सावलीत आणि डिश उन्हात, अशी व्यवस्था करावी. डिशबरोबर येणारी केबल सुमारे 15 मीटरची असते, आणि तेवढ्या अंतरात बहुधा एखादा मोकळा तुकडा सापडतो. येथे ‘मिनी’ या छोट्या डिशविषयी एक सूचना : तिचे वायफाय डिशमध्येच असते. त्यामुळे आरव्हीचे बाह्यांग ॲल्युमिनियमचे असेल, जसे एअरस्ट्रीमच्या ट्रेलरचे असते, तर दूर ठेवलेल्या मिनीचे वायफाय आत क्षीण पोहोचते. अशा वेळी आत वेगळा राउटर बसवावा लागतो.

घनदाट जंगलात फोनच्या मनोऱ्यावरून येणारे इंटरनेट पुष्कळदा उपग्रहापेक्षा सरस ठरते, कारण त्याला मोकळ्या आकाशाची गरज नसते. तेव्हा उपग्रहाचा प्लॅन घेतला म्हणून फोनचा हॉटस्पॉट बंद करू नये. यूटा आणि नेवाडाच्या उघड्या माळावर नेमकी याच्या उलट स्थिती असते. तेथे फोनवर एकही रेघ दिसत नाही आणि डिश मात्र निर्वेध चालते.

प्रश्न : आम्ही वीजजोडणी नसलेल्या सरकारी जमिनीवर मुक्काम करतो. आमच्याकडे 100 ॲम्पिअर-तासांची एक लिथियम बॅटरी आहे. सकाळी उठावे तर बॅटरी उतरलेली असते. नेहमीची डिश विकून मिनी घ्यावी का? (एक वाचक, कोलोराडो)

उत्तर : आपल्या बाबतीत मी होकार देईन. नेहमीची डिश चालू असताना 75 ते 100 वॅट वीज घेते, मिनी 25 ते 40 वॅट. आपली बॅटरी 12.8 व्होल्टची धरली तर तिच्यात सुमारे 1,280 वॅट-तास वीज साठते. नेहमीची डिश दहा तास चालवली तर त्यातील साडेआठशे वॅट-तास जातात, शिवाय इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो. मिनी मात्र चोवीस तास चालू ठेवली तरी सुमारे 720 वॅट-तासांत भागते, आणि ती 12 ते 48 व्होल्टच्या डीसी विजेवर थेट चालत असल्यामुळे इन्व्हर्टरची गरजच उरत नाही. कोणतीही डिश असली तरी झोपताना ती बंद करावी. ॲपमध्ये त्यासाठी वेळापत्रक लावता येते, तरीही रात्रभर ती रिकामी चालू ठेवणारे पुष्कळ जण आहेत.

मिनी घेतल्यावर अनेकांना एक अडचण येते आणि ते डिशला दोष देतात : ती दर काही मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होते. बहुतेक वेळा दोष तारेचा असतो. बॅटरीपाशी 12.6 व्होल्ट असले तरी लांब आणि बारीक तारेतून डिशपर्यंत पोहोचेतो ते 12 च्या खाली उतरतात, आणि डिशने वीज अधिक ओढताच ती बंद पडते. तार जाड आणि आखूड ठेवावी, किंवा बॅटरीपाशीच व्होल्टेज वाढवणारा छोटा कन्व्हर्टर बसवून 24 किंवा 30 व्होल्ट पुढे पाठवावेत. 100 वॅटचा यूएसबी-सी पॉवरबँक योग्य केबलने जोडला तरी मिनी काही तास चालते. दुपारच्या मुक्कामात तेवढे पुरते.

छतावर चुंबकाने डिश बसवण्याचा विचार असेल तर आधी छत तपासावे. बहुतेक आरव्हींचे छत फायबरग्लासचे किंवा रबराचे असते आणि त्यावर चुंबक धरत नाही.

प्रश्न : गाडी चालू असताना मागे बसलेल्या मुलांना इंटरनेट मिळू शकेल का? (एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : मिळू शकेल. सुरुवातीच्या आरव्ही सेवेत याला मनाई होती. 30 जून 2022 रोजी संघीय दूरसंचार आयोगाने चालत्या वाहनांसाठी परवानगी दिली, आणि त्यानंतर आलेल्या सपाट डिशची किंमत 2,500 डॉलर होती. आता रोमच्या प्लॅनमध्येच चालत्या गाडीतील वापर समाविष्ट आहे आणि मिनीसुद्धा त्यासाठी चालते. मात्र डिश छतावर पक्की बसवलेली हवी. काही जण ती समोरच्या काचेखाली ठेवतात. काचेवर धातूचा सूक्ष्म थर असेल तर संकेत अडतो, आणि चालकाच्या नजरेच्या आड येणारी वस्तू काचेपाशी ठेवणे अनेक राज्यांत नियमबाह्य आहे.

प्रश्न : ह्यूजनेट किंवा व्हायासॅट यांची उपग्रह सेवा स्वस्त पडेल का? की ॲमेझॉनची सेवा येईपर्यंत थांबावे? (एक वाचक, ओहायो)

उत्तर : पहिल्या दोन सेवा स्थिर घरांसाठी चांगल्या असल्या, तरी फिरत्या घरासाठी गैरसोयीच्या आहेत. त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. डिश दर मुक्कामी त्याच बिंदूकडे अचूक वळवावी लागते, आणि संकेताला जाऊन उत्तर घेऊन यायला केवळ अंतरामुळेच जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. बैठकीत दोघे एकदम बोलू लागतात ते यामुळेच. ॲमेझॉनने आपले पहिले नियमित उपग्रह एप्रिल 2025 मध्ये सोडले आणि नोव्हेंबरमध्ये प्रकल्पाचे नाव ‘कायपर’वरून ‘लिओ’ केले. स्पर्धेमुळे पुढे दर उतरू शकतील. यंदाचा प्रवास त्यासाठी लांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : वॉशिंग्टन राज्यातून कॅनडामार्गे अलास्काला जायचे आहे. जाऊन येऊन सहा आठवडे लागतील. कॅनडासाठी वेगळा प्लॅन घ्यावा लागेल का? (एक वाचक, वॉशिंग्टन)

उत्तर : वेगळा प्लॅन लागणार नाही. अमेरिकेत घेतलेला रोम प्लॅन कॅनडातही चालतो. खाते ज्या देशाचे आहे त्याच्या बाहेर दोन महिन्यांहून अधिक काळ वापर झाला, तर खात्याचा देश बदलावा लागू शकतो. आपला संपूर्ण प्रवासच सहा आठवड्यांचा आहे, त्यामुळे ती वेळ येणार नाही. या मार्गावर, विशेषतः ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर भागात आणि युकॉनमध्ये, फोनचे जाळे लांबलांब अंतरापर्यंत मिळत नाही. त्यामुळे सहा आठवड्यांपुरता अमर्याद प्लॅन घेणे रास्त ठरेल. डिश नवी घेणार असाल तर प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी घ्यावी आणि घराजवळच एखाद्या शनिवार-रविवारी बॅटरीवर चालवून पाहावी. परत करण्याची मुदत 30 दिवसांची असते, आणि तार, डिशचा स्टँड किंवा राउटर बदलायचा झाल्यास तो अलास्का महामार्ग जेथे सुरू होतो त्या डॉसन क्रीकच्या पुढे मिळवण्यापेक्षा सिॲटलमध्ये मिळवणे सोपे आहे.