पुढचा बार जाड करू की मागचा?

प्रश्न : काका, माझी २०१६ची पेट्रोल स्विफ्ट आहे. घर कराडला, नोकरी चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट दर आठवड्याला ठरलेला. वळणावर गाडी फार कलते आणि जरा वेग असला की स्टेअरिंग वळवलेलं असूनही नाक बाहेरच्या बाजूला पळत राहतं. आमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, पुढचा स्टॅबिलायझर बार काढून दोन मिलिमीटर जाड बार टाकू. मित्र म्हणतो, पुढे हात लावू नकोस, मागे बार बसव. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर : मित्राचं ऐक, पण लगेच नाही. आणि गॅरेजवाल्याला वेड्यातही काढू नकोस. तुझ्या पत्रात दोन तक्रारी आहेत. गाडी कलते, ही एक. नाक बाहेर पळतं, ही दुसरी. तो पहिलीवर औषध देतोय. त्याच्या बारने गाडी कमी कलेल, तू खूश होशील, आणि दुसरी तक्रार मात्र वाढेल.

स्टॅबिलायझर बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग स्टीलची कांब. मधला भाग दोन रबरी बुशांत बसवून गाडीच्या सांगाड्याला धरलेला, आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकाच्या सस्पेंशनला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर आली, उदाहरणार्थ सरळ ओलांडलेला स्पीडब्रेकर, तर बार नुसता बुशात फिरतो, काही करत नाही. एकच चाक वर आलं की ओला पंचा पिळावा तसा तो पिळला जातो, आणि तो पीळ सोडवून घेण्याची त्याची धडपड म्हणजेच गाडीला कलण्यापासून अडवणारा जोर.

हा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा भरीव बार काढून २२चा टाकला तर कडकपणा दहा टक्के वाढत नाही, ४६ टक्के वाढतो. २४चा टाकला तर दुपटीच्याही थोडा वर. म्हणून ‘दोनच मिलिमीटर’ असं कुणी म्हणालं की मी आधी व्हर्नियर मागतो. जुन्या बारवरचा गंज आणि रंगाचा थर खरवडून मापायचं, नाहीतर मापातच घोळ.

आता वजनाकडे ये. तुझी गाडी माणसासकट साधारण हजार किलोची धर. इंजिन, गिअरबॉक्स पुढे, त्यामुळे साठ टक्क्यांच्या वर वजन पुढच्या चाकांवर. घाटातल्या दणकून घेतलेल्या वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर पावणेदोनशे किलोच्या आसपास भार सरकतो. हा आकडा गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि तू वळण किती जोरात घेतोस यावर ठरतो. कोणताही बार टाकलास तरी तो जवळजवळ तेवढाच राहणार. बार फक्त वाटणी बदलतो : त्यातला किती पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या.

आणि टायरची एक खोड असते. भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळे एका जोडीत एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर थोडा भार झाला की त्या जोडीची मिळून पकड घटते. पुढचा बार जाड केला की भाराची जास्त वाटणी पुढच्या जोडीकडे येते, आणि तुझ्या गाडीत पुढची जोडी आधीच ओढणं, वळवणं आणि ब्रेकचा मोठा वाटा, सगळं एकटी करतेय. तिची पकड आणखी घटवलीस की नाक आणखी बाहेर. वर वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिलास की आतलं पुढचं चाक हलकं पडल्यामुळे जागच्या जागी फिरणार, कारण साध्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या भागात, ज्या चाकाला पकड नाही त्याच्यामागेच ताकद वाया जाते.

मागचा बार याच्या उलट करतो. भाराची जास्त वाटणी मागे, पुढच्या दोन चाकांत भार जरा समान, नाक तुझं ऐकायला लागतं. फोक्सवॅगनने १९७६मध्ये गोल्फ जीटीआय काढली तेव्हा सस्पेंशन खाली घेऊन मागेही बार दिला होता. वळणात आतलं मागचं चाक हवेत उचललेलं असे तिचे फोटो तू पाहिले असशील. ते चाक उचललं जाणं हे गाडी बिघडल्याचं लक्षण नव्हे; मागच्या जोडीने आपला वाटा घेतल्याचं आहे.

गॅरेजवाल्याच्या बाजूने एक खरं सांगायला हवं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात, असलेली गाडी फार कलली की बाहेरचं पुढचं टायर उभं न राहता त्याच्या बाहेरच्या कडेवर चढतं. अशा वेळी पुढचा बार थोडा कडक केल्याने टायर सपाट बसून फायदाही होऊ शकतो. ट्रॅकवर चालवणारी मंडळी टायर किती घासलं, कुठे घासलं हे बघून ते ठरवतात. तुझी पुढची टायरं बाहेरच्या खांद्यावर खाल्ली गेली आहेत का, बघ. असतील तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकं ठरलेल्या कोनात आहेत का ते, तपास, बारचा विचार नंतर.

किंबहुना आधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, कारण तुझी गाडी २०१६ची आहे. सस्पेंशनमधलं रबर इतकी वर्षं तसंच असेल तर ते रबर राहिलेलं नाही. बारचे डी आकाराचे बुश काढून बघ. आतली भोकं लंबगोल झालेली आणि बारवर त्या जागी लोखंड चकचकीत घासलेलं दिसलं, तर तुझा आहे तो बारच सुरुवातीचे काही मिलिमीटर फुकट फिरतोय, आणि मगच पिळला जातोय. नवे बुश आणि नव्या लिंक रॉड टाकल्या की लोकांना वाटतं गाडीला नवा बार बसवला. शॉकॲब्सॉर्बर गळतात का, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश फाटलेत का, हेही त्याच फेरीत. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी, गाडी थंड असताना. पंपावरचा पोरगा ‘पस्तीस मारू का?’ विचारतो म्हणून पस्तीस नाही.

हे सगळं करून, महिनाभर चालवून, तरीही नाक पळत असेल तर मागचा बार. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एक आडवा तुळईसारखा भाग, आणि तो स्वतःच पिळला जाऊन बारचं काम करत असतो. बाजारात मिळणारे मागचे बार या बीमच्या दोन हातांना क्लॅम्प आणि बोल्टने आवळतात. तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेला घे. स्थानिक फॅब्रिकेटर ‘पाइप वाकवून वेल्ड मारून देतो’ म्हणाला तर चहा पी आणि परत ये. बीम हा मुद्दाम पिळला जाण्यासाठी बनवलेला भाग आहे. त्यावर वेल्डिंगची उष्णता गेली की त्या शिवणीच्या कडेला पुढे कधीतरी चीर पडते, आणि ती बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काही बारच्या टोकांना दोन-तीन भोकं असतात. भोक बदललं की बारच्या वाकवलेल्या हाताची लांबी बदलते, आणि हात जितका आखूड तितका बार कडक : २०० मिलिमीटरचा हात १८०चा केला तर कडकपणा साधारण तेवीस टक्के वाढतो. सुरुवात नेहमी सगळ्यात लांबच्या भोकापासून.

आता जे तुझा मित्र सांगणार नाही ते सांगतो. चिपळूणकडे जाताना हेळवाकच्या पुढे घाटमाथा ओलांडला की पोफळीपर्यंत तू उतारावर असतोस. उतार आणि ब्रेक, दोन्हींनी मागची चाकं हलकी झालेली असतात. अशा वळणात वेग जास्त वाटला म्हणून घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचललास, की भार आणखी पुढे जातो आणि गाडीची शेपटी बाहेर निघते. कंपनी छोट्या गाड्यांना मुद्दाम नाक पळणारं बनवते, कारण नाक पळालं तर सामान्य माणूस आपोआप पाय काढतो आणि गाडी सावरते. मागचा बार कडक करून तू ती सवलत थोडी काढून घेतोयस. २०२४च्या नव्या स्विफ्टला सगळ्या मॉडेलमध्ये ईएसपी आहे, शेपटी सुटायला लागली की ती ब्रेक लावून सावरायला बघते. तुझ्या गाडीत ती नाही. जुलैत कुंभार्लीत शेवाळ, धुकं, आणि वर ट्रकने सांडलेलं डिझेल असतं, हे मी तुला सांगायला नको.

म्हणून मागची टायरं. आपल्याकडे दोनच नवी टायरं घेतली की ती पुढे टाकायची पद्धत आहे, कारण पुढची लवकर झिजतात. मागे कडक बार आणि झिजकी टायरं ही जोडी पावसात मला कुणाच्याही गाडीखाली बघायची नाही. नवी टायरं मागे जातील. गॅरेजवाला हसला तर हसू दे.

एक किंमत मोजावी लागेल : एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही जाणवेल. खालून घासू नये म्हणून स्पीडब्रेकर तिरका घेतोस ना? तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा डावी-उजवीकडे जास्त डोलेल. घरच्यांना मागे बसवून कराड-पाटण रस्त्यावर एकदा फिरवून आण, त्यांचं मत कळेल. आणि बार बसवल्यावर विमा कंपनीला लेखी कळव.

प्रश्न : मी रत्नागिरीत शिक्षिका आहे. माझ्या छोट्या गाडीतून सावकाश जाताना, लहान लहान खड्ड्यांवर, पुढून ‘खड-खड’ आवाज येतो. वेगात येत नाही. गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलायला सांगितलेत. खर्च बराच आहे. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेलं दिसत नसेल तर थांबा. सावकाश वेगात, एका बाजूच्या खड्ड्यावर येणारा असा आवाज मी तरी आधी लिंक रॉडवर धरतो. ही वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना गोळे असलेली काडी असते, आणि त्या गोळ्याच्या भोवतीचं रबरी टोपण फाटलं की आत पाणी आणि आपली लाल माती जाते. गोळा सैल होतो आणि वाजतो.

गॅरेजमध्ये समोर उभ्या राहून तपासून घ्या. दोन्ही चाकं जमिनीवर असताना किंवा दोन्ही सारखीच उचललेली असताना लिंक रॉड हाताने धरून हलवायला सांगा. एकच बाजू जॅकवर घेतली तर बार पिळलेला राहतो, काडी ताणली जाते आणि सैल गोळासुद्धा घट्ट वाटतो. पुष्कळ वेळा दोष सुटतो तो इथेच. तरी शंका राहिली तर मेकॅनिकने दोन्ही लिंक रॉड काढून, बार आणि काड्या कुठे लागणार नाहीत अशा बांधून, गल्लीत अगदी सावकाश फेरी मारावी. आवाज गेला तर दोषी सापडला. लिंक रॉड जोडीने बदला, शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीपुढे हा खर्च किरकोळ आहे. बारचे बुश त्याच वेळी नवे टाका. रबराच्या बुशाला साधं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं. लावायचंच तर सिलिकॉनचं.

प्रश्न : वडिलांची जुनी मारुती ८०० अजून चालू आहे. पुढचा बार वाजत होता. आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने ‘हा काढून टाकू, गाडी मऊ चालेल’ असं सुचवलंय. काढू का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. काही गाड्यांत बार काढला तर गाडी फक्त जास्त कलते. मारुती ८००मध्ये मात्र खालचा आर्म म्हणजे एकच आडवा दांडा आहे, आणि चाकाला पुढे-मागे सरकू न देण्याचं काम हाच बार करतो. बार काढून ब्रेक दाबलात की चाक मागे जाऊन मडगार्डला भिडेल. वाजतोय तो बार नाही, त्याच्या टोकाचे आणि मधले बुश. ते बदला, टोकाचा नट नीट आवळून त्यात नवी स्प्लिट पिन घाला, आणि पाठोपाठ अलाइनमेंट करून घ्या. तोवर गाडी चोर्ला घाटात नेऊ नका.