‘हा बर चालेल का काका?’ एवढं विचारून थांबू नकोस

पत्र : मॅडम, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. आठ महिन्यांपासून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला ट्रेनी आहे. लाइनवरचे ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मागच्या महिन्यात सेकंड शिफ्टला एका ब्रॅकेटच्या भोकाला बर (कडेला राहिलेली धातूची धारदार कोर) दिसला. मी विचारलं, “हा बर चालेल का काका?” ते म्हणाले, “चालतो गं, रोजचंच आहे.” मी गप्प बसले. चार दिवसांनी तो लॉट ग्राहकाकडून परत आला आणि सगळे दोन दिवस पार्ट निवडत बसले. आता सहामाही मूल्यमापनात सरांनी लिहिलंय, ‘काम चांगलं, नेतृत्वगुण दाखवावेत.’ सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या मुलीने कुणाचं नेतृत्व करायचं? (नाव छापू नये.)

उत्तर :

सरांचा शेरा आणि परत आलेला लॉट या दोन वेगळ्या गोष्टी असल्यासारखं तू लिहिलं आहेस. मला ती एकच गोष्ट वाटते. तू लाइनवर हुकूम सोडावेस अशी सरांची अपेक्षा नसणार. तुला जे दिसलं ते तुझ्यापाशीच अडकलं, ते पुढे जायला हवं होतं, एवढंच त्यांना म्हणायचं असेल. तुला बर दिसला होता, हे विसरू नकोस. नजर तयार झाली आहे. अडलं ते बोलण्यात, आणि बोलणं शिकता येतं.

27 मार्च 1977 ची गोष्ट सांगते. स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर होती. केएलएमचे कॅप्टन अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारे. त्यांनी उड्डाणासाठी विमान सोडलं, तेव्हा रेडिओवरचं बोलणं ऐकून त्यांच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन अ‍ॅम अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय की. इंजिनिअर पुढे बोलला नाही. काही सेकंदांत टक्कर झाली आणि 583 माणसं गेली. धुकं, एकमेकांत मिसळलेले रेडिओ संदेश, चुकीची समजलेली परवानगी अशी कारणं अनेक होती. पण अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी एक प्रशिक्षण सुरू केलं : हाताखालच्याने स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं. आज जगभरच्या वैमानिकांना ते घ्यावं लागतं.

त्या इंजिनिअरची शंका खरी होती. पण ती प्रश्न होऊन आली, आणि प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की तो तिथेच संपतो. तुझंही तेच झालं.

मग काय बोलायचं? “काका, या भोकाला बर आहे. ड्रॉइंगमध्ये बर नको असं लिहिलंय. मी शेवटचे दहा पार्ट पाहिले, सातांना आहे. हा ट्रे मी होल्ड टॅग लावून बाजूला ठेवते आणि सरांना बोलावते. तुम्हीही थांबा, तुम्ही असलात तर कारण लवकर सापडेल.” यात काय दिसलं, कशाच्या आधारावर, किती, आणि मी आता काय करणार, हे सगळं आलं. आवाज चढवावा लागला नाही. शेवटचं वाक्य मात्र मनापासून म्हण, कारण ते खरं आहे. भोक पाडणाऱ्या पंचाची धार गेली की बर वाढतो, हे त्या काकांना तुझ्या जन्माआधीपासून माहीत असेल. ‘रोजचंच आहे’ या शब्दांत मला बेफिकिरीपेक्षा थकवा जास्त ऐकू येतो. कदाचित त्यांनी दोन-तीनदा टूल रूमला सांगितलं असेल, कुणी दखल घेतली नसेल, आणि मग त्यांनी सांगणंच सोडलं असेल. त्यांचं म्हणणं कागदावर उतरवून, त्यांच्या नावासकट टूल रूमपर्यंत नेणं हे काम ट्रेनीलाही करता येतं. कायझेन शीटवर (सुधारणा सुचवायच्या कागदावर) त्यांचं नाव आधी घाल, तुझं नंतर.

मी स्वतः भोसरीतल्या एका कारखान्यात शिकाऊ होते. तिथल्या स्टोअरमध्ये एक मदतनीस मामा होते, आठवी शिकलेले. रोज सकाळी एका पुठ्ठ्यावर ते खडूने लिहीत, कोणते इन्सर्ट (मशीनच्या हत्याराची बदलायची पाती) दोन दिवसांत संपणार. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरात आमचे प्रॉडक्शनचे साहेब सकाळी केबिनमध्ये जाण्याआधी तो पुठ्ठा बघून जायला लागले. नेतृत्व म्हटलं की मला अजून ते मामा आठवतात.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवर एक दोरी असते, काही ठिकाणी आता तिच्या जागी बटण. काही चुकलं की कुठलाही कामगार ती ओढतो किंवा बटण दाबतो. टीम लीडर धावत येतो, आणि गाडी त्या टप्प्याच्या शेवटाला पोचेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. ही कल्पना टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या यंत्रमागांवरून आली : धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. तुमच्याकडे दोरी नसेल, पण खराब मालाचा लाल बिन, होल्ड टॅग आणि शिफ्टचं रजिस्टर नक्की असेल. ते वापरायला पद लागत नाही.

तुला चहाडीची भीती वाटत असेल. आधी त्या माणसाशी, त्याच्या मशीनपाशी बोलायचं, आणि वर जे सांगणार ते त्याला सांगूनच सांगायचं. एवढं पाळलंस तर चहाडी होत नाही. मागाहून, त्याला न कळवता मेल टाकलास तर होते.

सगळे खूश होतील असं मी म्हणत नाही. एखाद्या दिवशी डिस्पॅचची घाई असेल आणि होल्ड लावल्याबद्दल सर चिडतील. लॉट सोडायचा की नाही हे तू ठरवायचं नाहीस, ते त्यांना ठरवू दे. तू पाहिलेले आकडे आणि त्यांचा निर्णय वेळेसकट रजिस्टरमध्ये लिही. मात्र जाणूनबुजून खराब माल सोडायला तुला वारंवार सांगितलं जात असेल, तर दोष तुझ्या नेतृत्वगुणांचा नाही. तेव्हा मला पुन्हा लिही, आपण दुसरी नोकरी शोधण्याबद्दल बोलू.

मूल्यमापनाच्या फॉर्मवर तुझ्या अभिप्रायाला जागा असेल, तर तिथे ब्रॅकेटचा प्रसंग लपवू नकोस. काय दिसलं, मी कुठे थांबले, आता काय करते, हे तीन-चार ओळींत लिही. पण त्याआधी, उद्या शिफ्टला गेलीस की पहिल्यांदा त्या काकांकडे जा आणि विचार, त्या डायमधून (साच्यातून) येणाऱ्या पार्टवर बर पहिल्यांदा कधी दिसला होता. उत्तर लिहून घ्यायला वही सोबत ने.