वाहन सल्ला : पॅड नवे, तरी ब्रेक मऊ का?

प्रश्न : माझी हॅचबॅक सात वर्षांची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलले. पाइप उघडला नाही, निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) हात लावला नाही. तरी पेडल बरंच खाली जातं आणि मऊ लागतं. दोन-तीनदा मारलं की वर येतं. हवा शिरली असेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. परशुराम आणि कुंभार्ली हे दोन्ही घाट तुमच्या दारात आहेत.

पेडल मऊ लागलं की सगळे आधी हवा काढायला बसतात. पण बंद पाइपात हवा आपोआप शिरत नाही. ती येते निपल सैल झाला, गळती असली किंवा ब्रेकच्या टाकीतलं ब्रेक ऑइल फार खाली गेलं तरच. नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन (पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे ढकलताना ऑइल वर येतं म्हणून टाकीतून ते काढलं होतंत का? नंतर पेडल मारल्यावर पातळी घसरली आणि टाकी रिकामी झाली, तर हवा तिथूनच गेली.

तपासणी इंजिन बंद ठेवून करा. इंजिन चालू असताना बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) जोर लावतो, त्यामुळे चांगलं पेडलही मऊ वाटतं. चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा, मग पाय अर्धा मिनिट स्थिर दाबून धरा. पेडल स्पंजासारखं दबत असेल तर हवा. एका ठिकाणी दगडासारखं घट्ट थांबलं, पण मिनिटभराने पुन्हा पहिल्या दाबात खाली गेलं, तर पॅड-डिस्क किंवा शू-ड्रम यांच्यात कुठेतरी फट जास्त आहे. पायाखालून हळूहळू खाली सरकत राहिलं, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या भागाचं) सील गेलं आहे. (पाय तसाच ठेवून इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जातं, तो दोष नव्हे, बूस्टर चालतोय याची खूण आहे.)

तुमच्या वर्णनावरून फटीची शक्यता अधिक वाटते. आधी हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. ते लगेच वर आलं तर मागचे शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे भाग) ड्रमपासून लांब आहेत. ऑटो अ‍ॅडजस्टर (ही फट आपोआप कमी ठेवणारा भाग) गंजून अडकला की असं होतं. ड्रम काढून साफ करा आणि ड्रम हाताने फिरवताना शू अगदी हलके घासतील इतपत अ‍ॅडजस्ट करा.

फरक पडला नाही तर पुढची चाकं पुन्हा काढा. गाडी जॅकवर सोडू नका, स्टँड लावा. पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये हाताने सहज सरकायला हवेत. क्लिपखाली गंज असेल तर पॅड तिरका बसतो, दाबल्यावर वाकतो आणि सोडल्यावर पिस्टनला मागे ढकलतो. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारी पकड) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना अडकल्या तरी परिणाम हाच. पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. जुन्या डिस्कच्या कडेला उभी धार आली असेल, तर नवा रुंद पॅड त्या धारेवर टेकतो आणि मधला भाग लागतच नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजमाप त्याखाली असेल तर डिस्क बदला.

स्पंज लागला तर मात्र हवा काढा. टाकी भरा. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकाने सुरुवात होते, आपल्याकडे बहुधा मागचं डावं. पण क्रम गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या. निपलवर आधी रिंग पाना बसवा, मग पारदर्शक नळी लावा. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. जोडीदार पेडल दाबून धरेल, तुम्ही निपल पाव फेरी उघडा, बंद करा, आणि मगच त्याने पाय उचलायचा. हा क्रम उलटला की हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत करा, आणि दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहा. हवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये गेली असेल तर स्कॅनरवर युनिट चालवूनच ती निघते. तेव्हा गॅरेज गाठा.

या कामात सर्वाधिक नुकसान एका सवयीने होतं : पेडल तळापर्यंत मारणं. एरवी सील सिलिंडरच्या वरच्या भागात फिरतं. खालच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. सील तिथे घासलं की फाटतं आणि धड मास्टर सिलिंडर निकामी होतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी अर्ध्या-अर्ध्या दाबाने पेडल घट्ट होईपर्यंत मारायचं.

प्रश्न : ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ (ऑइलची प्रत) लिहिलंय, दुकानात डॉट ४ मिळालं. चालेल?

उत्तर : चालेल, दोन्ही एकमेकांत मिसळतात. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणूनच जुनं ऑइल घाट उतरताना उकळतं, त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. फोडून ठेवलेली बाटली वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीच घालू नका. इंजिन ऑइलचा थेंबही नको. सगळी रबरं फुगून निकामी होतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.