आधी खारघर, मग पाम बीच

गाडी नव्याने शिकत असाल, तर नवी मुंबईतल्या पाम बीच रोडची घाई करू नका. रस्ता मोकळा दिसतो, पण गाड्या सुसाट असतात आणि नवख्याला त्यांच्या वेगाचा अंदाज येत नाही. रविवारी सकाळी लवकर खारघरच्या सेक्टरमधल्या रुंद रस्त्यांवर हात बसवा. शेजारी ओरडणारं माणूस मात्र नको, मग ते घरचं का असेना.

सीट नीट पुढे घ्या. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाय ताणला गेला की क्लच झटक्यात सुटतो आणि गाडी बंद पडते. सिग्नलला बंद पडलीच, तर मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या. ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रल करा, मग स्टार्ट.

उरण फाट्याकडे कंटेनर असतात. त्यांच्या डाव्या बाजूला रेंगाळू नका; त्यांच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की तिथे पोहोचायला तुम्हाला किमान 3 सेकंद लागले पाहिजेत, पावसात त्याच्या दुप्पट. मध्ये रिक्षा घुसली तर वाद नको, ॲक्सिलरेटर सोडा आणि पुन्हा अंतर पाडा.